राइट फिल्डकडे मारायला शिकवताना: सॉफ्टबॉलच्या सरांसाठी आणि पालकांसाठी

आमच्या दुकानातून बॅट नेणारे बरेच सर विचारतात, "आमच्या मुली सगळे चेंडू लेफ्टलाच ओढतात, राइटकडे जाईल अशी बॅट आहे का?" अशी बॅट नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीला राइट फिल्डकडे, म्हणजे तिच्या समोरच्या मैदानाच्या उजव्या भागाकडे मारायचं तर तिला चेंडूची वाट बघायला शिकवावं लागतं.

आतला, म्हणजे अंगाजवळून येणारा चेंडू शरीराच्या पुढे गाठायचा असतो. बाहेरचा, म्हणजे अंगापासून लांबचा, मात्र आणखी जवळ येऊ द्यायचा, पुढच्या पायाच्या रेषेपर्यंत किंवा किंचित मागे, आणि तिथे मारायचा. घाई झाली की डावा खांदा आधीच उघडतो, बॅट चेंडूच्या वरून घासून जाते आणि शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे) मरतुकडा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारा चेंडू जातो. आपल्याकडची पोरं क्रिकेटमधून येतात. त्यांना "ऑफ साइडला मार" म्हटलं की दिशा लगेच कळते, पण ती लेट कटसारखं नुसतं बॅटचं तोंड उघडायला बघतात. ही बॅट गोल, तिला तोंडच नाही. फटका पूर्ण मारायचा. हात अंगालगत, मुठीचं टोक आधी चेंडूकडे आणि बॅटचा जाड भाग त्याच्या मागून.

सरावाला महागडं सामान लागत नाही. 17 इंचांची होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभी राहते ती खूण, फक्कीने आखा. स्प्रिंकलरच्या जुन्या पाइपचा कमरेएवढा तुकडा जमिनीत रोवा आणि वरच्या तोंडाला रबरी नळी घट्ट बसवा, झाली टी, म्हणजे चेंडू ठेवायचा स्टँड. ती प्लेटच्या बाहेरच्या कडेला, मुलीच्या पुढच्या पायाच्या रेषेत हवी. दहा-बारा पावलांवर, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या दिशेला, दोरीवर बारदाना टांगा. रोज वीस चेंडू त्यावर. चेंडू सरळ बारदान्यात बसला तर फटका बरोबर. आडवा फिरत फाउल लाइनकडे वळला तर हात अंगापासून लांब गेले होते. टी वर जमलं की मगच बाजूने हलके चेंडू टाका, आणि टाकणाऱ्यापुढे जाळी हवीच.

हे शिकवायचं कशासाठी? दुसऱ्या बेसवर रनर असेल आणि कोणी आउट नसेल, तर उजवीकडे गेलेला साधा ग्राउंडरही रनरला बहुतेक वेळा तिसऱ्यावर पोहोचवतो. शिवाय शाळेच्या सामन्यांत कच्ची फिल्डर बहुधा राइटलाच उभी असते.

एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. एका शाळेने आठवीच्या मुलींसाठी 34 इंची जड बॅट मागितली आणि आम्ही न विचारता दिली. चेंडू राइटकडे जाऊ लागले म्हणून सरही खूश. पण बॅटच उशिरा येत होती, म्हणून सगळे पॉप-अप, म्हणजे सरळ वर जाणारे चेंडू, उडत होते आणि कॅच होत होते. वाट बघून मारलेला फटका कडक आणि खालून जातो. बॅट आम्ही बदलून दिली, पण मुलींचा तो हंगाम गेला.

म्हणून आता बॅट घ्यायला येताना खेळाडूला सोबत आणा. एका हाताने बॅट आडवी धरून दहा-पंधरा अंक मोजेपर्यंत हात थरथरायला नको. थरथरला तर हलकी बॅट बघू. दुकानामागच्या अंगणात पाच-सात स्विंगही घेता येतील. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तेवढा दिवस सोडून या.