डेटाबेसला तेच तेच किती वेळा विचारायचं?

वेबसाइटचं पान उघडायला वेळ लागला की लोक आधी इंटरनेटला नावं ठेवतात, मग सर्व्हरला. पण बऱ्याचदा खरा वेळ जातो डेटाबेसकडून उत्तर यायची वाट बघण्यात. समजा मुख्य पानावर सर्वात जास्त वाचलेल्या दहा लेखांची यादी आहे. ती काढायला डेटाबेस लाखो नोंदी चाळतो, मोजतो, क्रम लावतो आणि यात 200 मिलिसेकंद जातात. एका माणसासाठी हे काहीच नाही, पण सेकंदाला 1000 जण ते पान उघडत असतील तर डेटाबेस तीच आकडेमोड सेकंदाला 1000 वेळा करत बसणार आणि उत्तर मात्र जवळपास दर वेळी तेच!

मग उत्तर एकदाच काढायचं, रॅममध्ये ठेवून द्यायचं आणि पुढचं मिनिटभर जो मागेल त्याला तिथूनच द्यायचं. 60000 क्वेरींच्या (म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांच्या) जागी एक क्वेरी. यालाच क्वेरी कॅशिंग म्हणतात, आणि उत्तरं ठेवायच्या त्या जागेला कॅश. ब्रॅड फिट्झपॅट्रिकने 2003 मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवरचा असाच भार कमी करायला मेमकॅश्ड हे कॅशचं सॉफ्टवेअर लिहिलं, 2009 मध्ये साल्वातोरे सान्फिलिप्पोचं रेडिस आलं, आणि आता कॅश लावणं म्हणजे खरंच चार ओळींचं काम झालंय.

अवघड आहे ते ठेवलेलं उत्तर टाकून द्यायचं कधी हे ठरवणं.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पूर्वी हे सगळं आपोआप व्हायची सोय होती, ऐकायला एकदम भारी. पण टेबलमधली एक ओळ जरी बदलली तरी त्या टेबलवर बेतलेली सगळी साठवलेली उत्तरं उडायची, मग त्यातली निम्मी अजून बरोबर का असेनात, आणि वर त्या अख्ख्या कॅशला एकच लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), त्यामुळे भरपूर कोर असलेल्या मशीनवर थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांसाठी ताटकळत राहायचे. शेवटी 2018 मध्ये आलेल्या 8.0 आवृत्तीतून ती सोय काढूनच टाकली. मला तो निर्णय पटतो. लेखांची यादी मिनिटभर जुनी असली तर कुणाचं काही बिघडत नाही पण खात्यातली शिल्लक क्षणभरही जुनी चालत नाही, हे डेटाबेसला कसं कळणार, ते ॲप लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. (आणि वैयक्तिक माहिती कॅश करताना उत्तर ज्या नावाने ठेवतो त्या ‘की’मध्ये युजर आयडी घालायला विसरू नका, नाहीतर एकाची ऑर्डर दुसऱ्याला दिसते.)

आता ते मिनिट संपतं तो क्षण जरा जवळून बघू. यादीची मुदत संपली, कॅश रिकामी. पहिली रिक्वेस्ट डेटाबेसकडे गेली, तिला उत्तर मिळायला 200 मिलिसेकंद लागणार. पण तेवढ्या वेळात आणखी 200 जण आले, त्यांनाही कॅशमध्ये काही सापडलं नाही म्हणून तेही तीच क्वेरी घेऊन डेटाबेसकडे धावले, त्यामुळे डेटाबेस आणखी हळू झाला, म्हणजे उत्तराला आणखी उशीर, म्हणजे आणखी गर्दी. यावर उपाय असा की पहिल्याने लॉक घ्यायचा आणि बाकीच्यांना तोवर मुदत संपली तरी न पुसता ठेवलेलं जुनंच उत्तर द्यायचं, आणि सगळ्या कीजची मुदत एकदम संपू नये म्हणून प्रत्येकीच्या मुदतीत थोडे रँडम सेकंद मिसळायचे.

ही भीती कागदावरची नाही. 23 सप्टेंबर 2010 ला फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं होतं. एका सेटिंगची चुकीची व्हॅल्यू आली, प्रत्येक क्लायंट (म्हणजे ती व्हॅल्यू वापरणारा प्रोग्राम) ती दुरुस्त करायला डेटाबेसकडे गेला, सेकंदाला लाखो क्वेरी येऊन आदळल्या, आणि डेटाबेसकडून एरर आली की क्लायंट तिलाही चुकीची व्हॅल्यू समजून कॅशमधली की डिलीट करायचे! म्हणजे मूळ चूक सुधारल्यावरही क्वेरींचा पूर थांबेना. शेवटी साइटच बंद करून डेटाबेसला श्वास घेऊ दिला आणि मग लोकांना हळूहळू आत सोडलं.

म्हणूनच हिट रेट (किती रिक्वेस्टना कॅशमधूनच उत्तर मिळालं) 99 टक्के दिसला तरी निर्धास्त होऊ नका. तो 98 झाला तर आलेखात फरक जाणवतही नाही, पण डेटाबेसकडे 100 पैकी एक रिक्वेस्ट जायची तिथे आता दोन जातायत, म्हणजे त्याचं काम सरळ दुप्पट झालंय.