झोपेच्या गोळीची सावली

नाशिकला अशोक स्तंभ किंवा कॉलेज रोडवरच्या कुठल्याही मेडिकलपाशी पाच मिनिटं उभं राहा. बीपीची, शुगरची चिठ्ठी काउंटरवर उघडी सरकवली जाते. काही चिठ्ठ्या मात्र चौघडी घालून, मागचा माणूस पुढे निघून गेल्यावर दिल्या जातात. गोळ्या हातात पडल्या की खालच्या आवाजात प्रश्न येतो, "याची सवय तर नाही ना लागणार?" घरी गेल्यावर पाकिटावरचं नाव मोबाइलमध्ये टाकलं जातं, एस्सिटालोप्रॅम. समोर ‘अँटीडिप्रेसंट’ असं दिसतं आणि दुसरा प्रश्न उभा राहतो. "मला कुठे डिप्रेशन आहे? मला नुसती धडधड होते, जीव घाबरा होतो."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्ही आजच्या गोळीपेक्षा बरेच जुने आहेत.

आधी नावाचं बघू. 1952च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते. खंगलेली माणसं अचानक उत्साहात आली, त्यांना भूक लागू लागली. मनावर काम करणारं औषध हे असं छातीच्या आजारातून निघालं. त्यानंतर चार वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामीन नैराश्यावर चालतं असं दिसलं. अँटीडिप्रेसंट हा शिक्का इथला. पुढे न्यूयॉर्कमध्येच डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने अचानक भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामीन देऊन पाहिलं. रुग्ण म्हणत होते, काही फरक नाही. पण वॉर्डातल्या परिचारिकांच्या ध्यानात आलं की "मी मरतोय, मला वाचवा" म्हणत रोज धावत येणारा माणूस आता येत नाही. क्लाइन यांचे हे निष्कर्ष 1962 पासून छापून येऊ लागले. पॅनिकला, म्हणजे अशा झटक्यांना, स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी वर्गीकरणात जागा मिळाली ती 1980 साली. तोपर्यंत औषधाच्या नावाची पाटी ठोकून झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव ‘क्लॉथ स्टोअर्स’ असावं आणि आत भांडी मिळावीत, तसा हा प्रकार. पाटी कुणी बदलली नाही, आणि आज कॉलेज रोडवरचा माणूस ती वाचून बिचकतो.

"मेंदूत केमिकल कमी पडलंय" हे डॉक्टरांकडून ऐकू येणारं वाक्यही त्याच काळातलं. त्याचं एक मूळ आपल्याकडेच सापडतं. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन जगभर गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होतात असं दिसलं आणि त्याने मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन घटतं हेही कळलं. त्यातून, घटलं की उदासी, वाढवलं की आराम, असा सोपा हिशेब निघाला. तो इतका सोपा होता की लोकांच्या तोंडी बसला. 2022 मध्ये लंडनच्या संशोधकांनी पुरावे एकत्र तपासून सांगितलं की सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला पक्का आधार नाही. लगेच बऱ्याच जणांनी अर्थ काढला की मग गोळ्याच थोतांड. तसं होत नाही. औषध का चालतं हा एक प्रश्न आणि चालतं का हा दुसरा. चिंतेच्या विकारात या गोळ्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त जणांना उपयोगी पडतात, चाचण्यांमधून एवढं दिसलं आहे. सगळ्यांना पडत नाहीत, हेही दिसलं आहे.

आता सवयीकडे येऊ. माझ्या मते खरी गाठ इथे आहे.

माझ्या एका मावशीकडे सुपारीची पितळी डबी होती. सुपारी तिने कधीच सोडली होती, डबीत गोळ्या असायच्या. पंचवटीतल्या वाड्यात रात्री दहाला डबीचं झाकण वाजलं की मावशी झोपायला चालली हे आम्हा मुलांना कळायचं. एकदा गावाला जाताना डबी घरी राहिली. मावशी रात्रभर ओसरीवर येरझाऱ्या घालत होती, हात कापत होते. घरात सगळे त्याला ‘झोपेची गोळी’ म्हणत. ते डायझेपाम होतं, हे मला फार उशिरा कळलं.

क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये आलं, डायझेपाम 1963 मध्ये. दोन्ही बेन्झोडायझेपिन गटातली, लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून निघालेली. अर्ध्या तासात जीव शांत करणारी. आपल्याकडे काम्पोज हे नाव तर घरोघरी पोचलं. ही औषधं रोज, लांबलचक काळ घेतली की शरीर त्यांना सरावतं, डोस वाढवावासा वाटतो, तोडली की त्रास होतो. 1988 मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ती दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्या असं बजावलं. आपल्याकडे 2014 पासून डायझेपाम आणि अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहेत. दुकानदाराला विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

एस्सिटालोप्रॅमच्याच गटातल्या फ्लुओक्झेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती डिसेंबर 1987 मध्ये. हा गट अगदी वेगळा. नशा नाही, गुंगीची ओढ नाही, गोळीमागे गोळी घ्यावीशी वाटत नाही. पण भीती बदलली नाही, ती मावशीच्या डबीतून नव्या पाकिटात उतरली. त्यात आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम हे बेन्झोडायझेपिन एकाच गोळीत मिळतात. म्हणजे सवय न लावणारी आणि लावू शकणारी, दोन्ही एका पाकिटात. मग लोकांनी फरक ओळखावा तरी कसा?

लोकलाजेची वाट निराळी आहे. नाशिकला मोठं सरकारी मनोरुग्णालय नव्हतं. घाट उतरून ठाण्याला जायचं, तिथलं 1901 पासूनचं. "याला ठाण्याला न्या" ही इथली थट्टा अजून चालू आहे. कायद्याची भाषाही तशीच होती. 1912चा ल्युनॅसी कायदा 1993 पर्यंत टिकला. लग्न ठरताना गोळ्या लपवल्या जातात त्यालाही कागदी आधार आहे, हिंदू विवाह कायद्यात ‘वेडाचे वारंवार झटके’ असे शब्द आहेत. धडधडीवरच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. पण हे मुलाकडच्यांना कोण समजावणार? 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वेगळी भाषा बोलतो, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही सांगतो. 14416 या नंबरवर टेलीमानस या सरकारी फोनसेवेची मोफत मदत 2022 पासून मिळते. भाषा बदलली, थट्टा मागे राहिली.

या सगळ्यात खऱ्या काळज्या दबून जातात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ होते, कधी बेचैनी उलट वाढते, आणि गुण यायला चार-सहा आठवडे लागू शकतात. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी गोळी टाकून देतो. लैंगिक इच्छा मंदावू शकते, याबद्दल तर नवराबायकोही आपसांत बोलत नाहीत. तरुणांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेत 2004 मध्ये ठळक इशारा छापायला लावला, 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्यांना लागू केला. वीस-बावीसच्या मुलाला गोळी सुरू झाली की पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून बसावं, ते यासाठी.

आणि सोडताना. ओढ नसली तरी ही गोळी एकदम तोडली की त्रास होऊ शकतो. दिवाळीत सगळं छान चाललं होतं म्हणून एकाने परस्पर बंद केली. चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. बायको म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना, सवय लागली." डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं, दहाची पाच, महिन्याने पाचची अडीच. आता तो रोज सकाळी ओट्यावर सुरीने गोळीचे तुकडे करतो आणि खाली सांडलेली भुकटी बोटाने टिपून घेतो.