माल राखणारं जंतुनाशक आणि माणूस राखणारं जंतुनाशक

अँटीबॅक्टेरियल घटकांच्या बाजारपेठेवरचे अहवाल वाचताना एक गल्लत पुन्हा पुन्हा खटकते. हँडवॉशमधलं जंतुनाशक, शाम्पूतलं प्रिझर्व्हेटिव्ह (माल नासू न देणारं रसायन), मोज्यांच्या धाग्यातली चांदी आणि कटिंग बोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेलं रसायन, सगळं एका टोपलीत घालून एकच मोठा आकडा काढलेला असतो. गुंतवणूकदार तो उचलतात, जाहिरातवाले उचलतात, आणि शेवटी गिऱ्हाईकाचाही समज होतो की ही सगळी एकाच कामाची रसायनं आहेत. कामं दोन आहेत. एक रसायन तुमच्या हातावरचे जंतू मारण्यासाठी घातलेलं असतं. दुसरं असतं ती वस्तू नासू नये, तिला बुरशी लागू नये, वास येऊ नये म्हणून.

पहिल्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे: हँडवॉश, सॅनिटायझर, अँटीबॅक्टेरियल साबण. २०१६च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती साबण आणि हँडवॉशमधून ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन यांच्यासह १९ घटक बाद केले. साध्या साबणपाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत आणि रोज वर्षानुवर्षं वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइड, बेन्झेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या तिघांचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला गेला. घरातल्या रोजच्या हात धुण्यापुरतं माझं मत पक्कं आहे: साधा साबण पुरतो.

दुसरा प्रकार मात्र नजरेआड राहतो. ज्यात पाणी आहे असं कुठलंही लोशन, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड किंवा रंग जंतूंना राहायला सोयीचा असतो. त्यात फिनॉक्सीइथेनॉल किंवा आयसोथायाझोलिनोन गटातलं काहीतरी थोड्या प्रमाणात घातलं नाही, तर बाटली उघडल्यावर काही दिवसांत आत जंतूंची वाढ सुरू होऊ शकते. प्लॅस्टिक, रबर, कापड यांच्यातही अशी रसायनं मिसळतात, म्हणजे पडद्यावर काळे डाग पडत नाहीत आणि बुटाच्या आतल्या अस्तराला वास येत नाही. दुकानाचं कुलूप दुकान सांभाळतं, गिऱ्हाईकाचा खिसा नाही. तसंच हे.

लोक नेमके फसतात ते इथे, कारण रसायन तेच असू शकतं. रेणूकडे बघून काम ओळखता येत नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइडच घ्या. अमेरिकेत मिळणाऱ्या अल्कोहोलविरहित सॅनिटायझरच्या लेबलवर ते साधारण ०.१३ टक्के असतं आणि ‘सक्रिय घटक’ या रकान्यात छापलेलं असतं. डोळ्यांच्या कित्येक थेंबांतही तेच असतं, ०.०१ टक्क्याच्या आसपास, पण तिथे ते ‘निष्क्रिय घटकां’त. थेंबांच्या कुपीत ते तुमच्या डोळ्यावर उपचार करत नसतं. कुपी उघडल्यानंतर आतलं औषध दूषित होऊ नये, एवढंच त्याचं काम.

युरोपचा कायदा ही फोड सरळ मांडतो. तिथल्या बायोसाइड, म्हणजे जंतू आणि इतर उपद्रवी जीव मारणाऱ्या रसायनांच्या, नियमावलीत वापराचे २२ प्रकार आहेत. माणसाची स्वच्छता पहिल्या प्रकारात, साठवणीत माल टिकवणारी रसायनं सहाव्यात, धागा, चामडं, रबर, प्लॅस्टिक यांचं रक्षण नवव्यात. मंजुरी रसायनाला सरसकट मिळत नाही, प्रकारागणिक मिळते. २०१६मध्येच युरोपने ट्रायक्लोसानला पहिल्या प्रकारात मंजुरी नाकारली. त्याच वेळी सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली हात धुण्याच्या साबणात प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ते ०.३ टक्क्यापर्यंत चालत होतं. म्हणजे तीच बाटली, तेच रसायन. ‘हातावरचे जंतू मारतो’ म्हणालात तर बंद, ‘साबण टिकवतो’ म्हणालात तर चालू. यात कुणाला कायद्याची पळवाट दिसेल. मला ही फोड योग्य वाटते, कारण दोन्ही दाव्यांना लागणारा पुरावा वेगळा आहे. साबण टिकला की नाही हे बाटलीत बघता येतं. माणसाला फायदा झाला की नाही हे माणसांवरच तपासावं लागतं.

‘ट्रायक्लोसानवर बंदी आली’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. अमेरिकेचा २०१६चा नियम पाण्याने धुऊन टाकायच्या घरगुती साबणांपुरता होता. टूथपेस्ट त्यात नव्हती, प्लॅस्टिकच्या वस्तूही नव्हत्या. बातम्या देणाऱ्यांनी एवढं एक वाक्य जोडलं असतं तरी बराच गोंधळ टळला असता.

प्लॅस्टिकच्या वस्तूंचं प्रकरण अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेकडे जातं. वस्तू स्वतः टिकावी म्हणून नोंदणी झालेलं रसायन तिच्यात मिसळलं असेल, तर वस्तूची वेगळी नोंदणी लागत नाही. पण ‘ही वस्तू वापरणाऱ्याला रोगजंतूंपासून वाचवते’ असं म्हटलं की सवलत संपते. १९९७मध्ये हॅस्ब्रो कंपनीला नेमकी हीच रेघ ओलांडल्याबद्दल १ लाख २० हजार डॉलर भरावे लागले. तिच्या प्लेस्कूल या ब्रँडच्या खेळण्यांच्या प्लॅस्टिकमध्ये रसायन होतं हा गुन्हा नव्हता. त्याने मुलांचं जंतूंपासून रक्षण होतं, हा दावा अंगाशी आला.

आता ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ हा दावा. कटिंग बोर्डच्या वेष्टनावर हा आकडा दिसला की मला चीड येते, कारण तो आला कुठून हे तिथे लिहिलेलं नसतं. प्लॅस्टिकसारख्या पृष्ठभागांसाठी सहसा आयएसओ २२१९६ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी वापरतात. पाच सेंटिमीटर बाजूचा चौरस तुकडा घ्यायचा, त्यावर जंतू असलेलं ०.४ मिलिलिटर द्रावण टाकायचं, वरून पातळ फिल्म ठेवायची म्हणजे द्रव सगळीकडे सारखा पसरतो आणि सुकत नाही. मग ३५ अंश सेल्सियसला, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४ तास ठेवायचं. शेवटी रसायन नसलेल्या तशाच तुकड्याशी तुलना करायची. चाचणी म्हणून यात काही वावगं नाही. दोन प्लॅस्टिकांची तुलना करायला ती चांगली आहे. पण कच्चं मांस कापल्यावर पाच मिनिटांनी त्याच बोर्डवर कोशिंबीर चिरणाऱ्याला ती काहीच सांगत नाही. तो पृष्ठभाग चाचणीतल्यासारखा सतत ओला नसतो, त्यावर मांसातली प्रथिनं असतात, आणि बोर्डात चांदी मिसळलेली असेल तर तिचे आयन (विद्युतभारित कण) प्रथिनांतल्या गंधकाशी सहज बांधले जातात. चोवीस तासही कुणी थांबत नाही. बोर्ड गरम पाण्याने आणि साबणाने घासावाच लागतो, मग त्यात काही मिसळलेलं असो वा नसो.

जंतू मारणारं आणि जंतूंची वाढ थांबवणारं, अँटीबॅक्टेरियल आणि अँटीमायक्रोबियल, हे फरकही लोक चघळत बसतात. ‘अँटीमायक्रोबियल’ या शब्दात बुरशी आणि विषाणूही येऊ शकतात, एवढं कळलं की पुरे.

या गल्लतीची उलटी बाजू मला जास्त काळजीची वाटते. ट्रायक्लोसान साबणातून गेलं म्हणून ‘प्रिझर्व्हेटिव्हमुक्त’ लोशनला चांगलं म्हणणारे भेटतात. आयसोथायाझोलिनोनमुळे अनेकांच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते, ते खरं आहे, आणि म्हणून युरोपने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून त्या गटातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन काढून टाकलं, तेही बरोबरच. त्यावरचा उपाय म्हणजे दुसरं, सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह. पाणी असलेल्या लोशनमध्ये ते अजिबात न घालणं म्हणजे बाटलीत जंतूंना मोकळं रान देणं. बर्खोल्डेरिया सेपेशियासारख्या जिवाणूंमुळे प्रसाधनं बाजारातून परत मागवल्याची उदाहरणं आहेत, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ते जिवाणू खरोखर भोवतात. निव्वळ तेल किंवा मेण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पाणीच नाही.

कापडातल्या चांदीबद्दल बोलायचं तर ती वास रोखण्यापुरतीच धरावी. तीही टिकेलच असं नाही: २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोज्यांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी मोजक्या धुण्यांतच पाण्याबरोबर निघून गेली.

बाजारपेठेच्या बाजूनेही दोघांचं गणित वेगळं चालतं. माणसासाठीच्या जंतुनाशकाची मागणी साथीबरोबर उसळते आणि साथ ओसरली की उतरते. २०२०मधल्या सॅनिटायझरच्या टंचाईत ते सगळ्यांनी पाहिलं. प्रिझर्व्हेटिव्हची मागणी मात्र शाम्पू, लोशन, रंग यांचं उत्पादन किती होतं यावर ठरते, आणि त्याची निवड कारखान्यातला रसायनतज्ज्ञ करतो. गिऱ्हाईक ते नाव वाचतही नाही. पहिल्याला धक्का देणारा नियम दुसऱ्याला स्पर्शही न करता जाऊ शकतो, जसा २०१६मध्ये गेला. त्यामुळे अहवालात ही फोड केलेली नसेल, तर त्यातला वाढीचा दर मी गृहीत धरत नाही.