जाड लेदरचे ग्लोव्हज म्हणजे टिकाऊ? नाही हो!

आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत कुणालाही विचारा, घरी गाडीचं काम करताना हातात काय घालू, तर एकच उत्तर, वेल्डिंगचे जाड लेदर ग्लोव्हज घे, जन्मभर टिकतील. हे खरं नाहीये. लेदर ऑइल पिऊन घेतं, एकदा मुरलं की बुळबुळीत होतं, पाना सटकतो आणि तेच तेल दिवसभर कातडीला लागत राहतं. भांडी घासायचे लेटेक्सवाले तर पेट्रोल-ऑइलनं फुगून फाटतात. तेलापुढं टिकतं ते नायट्राइल, म्हणजे एक कृत्रिम रबर, म्हणून तळव्याला नायट्राइल कोटिंग असलेले विणलेले घ्या, बोटाला नट जाणवेल इतपत घट्ट. त्यावर ईएन 388 (ग्लोव्हजच्या मजबुतीचं युरोपियन मानक) आणि हातोडीचं चित्र बघा, खालचा पहिला आकडा घासण्याला किती टिकतं ते सांगतो, 4 म्हणजे सगळ्यात वरचा.

आणि हे अगदी कळकळीनं सांगतोय, चालू इंजिनच्या फॅन-बेल्टजवळ किंवा ड्रिल चालवताना कुठलेच ग्लोव्हज नकोत, कापड अडकलं की हात आत ओढला जातो, आणि हातमोजा जेवढा जाड तेवढा तो फाटून हात सुटायची शक्यता कमी.