शिकाऊ, बदली, कायम : गिरणगावातल्या कौशल्याच्या पायऱ्या

मुंबईतल्या जुन्या गिरणी कामगाराला ‘किती वर्षं काम केलंत?’ असं विचारलं की बऱ्याचदा दोन आकडे ऐकायला मिळत. एक, गिरणीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हापासूनचा. दुसरा, ‘कायम’ झाल्यापासूनचा. दोन्हींत कधी कधी दहा-पंधरा वर्षांचं अंतर असे. हात केव्हाच तयार झालेला, पण मस्टरवर माणूस अजून बदलीच, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा.

सुरुवात १८५४ ची. कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रं इंग्लंडहून आली, ती चालवायला शिकवणारे मास्तरही लँकेशरचे. कामगार मात्र रत्नागिरी-साताऱ्याकडचे, बहुतेक शेतकरी. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काही विणकर घराण्यांतलेही होते, उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात वसलेले जुलाहे त्यांपैकी. या सगळ्यांना शिकवायची म्हणून काही व्यवस्था नव्हती. मास्तराची भाषा कामगाराला कळत नव्हती आणि कामगाराची मास्तराला. मधे उभा राहिला तो जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम.

शिकणं व्हायचं ते नात्यातून. गावाहून आलेला पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या खोलीत पथारी टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच मागे खात्यात जायचा. त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, पहिलं काम भरलेल्या बाबिनी उतरवून रिकाम्या चढवण्याचं. मग तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायचा. तो सफाईनं जोडता आला की कधीतरी यंत्राची एक बाजू ताब्यात मिळायची. साचेखात्यात शिकाऊ माणूस साच्याशेजारी नुसता उभा राही, पडेल ती मदत करी, आणि साचेवाला घटकाभर बाहेर गेला की साचा सांभाळी. या दिवसांचा पगार नाही. हा सगळा अभ्यासक्रम कोणी कधी लिहून ठेवला नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालला.

पहिल्या पायरीचं वय कायद्यानं ठरत गेलं, तेही उशिरा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. सात ते बाराच्या मुलांना दिवसाला नऊ तास. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा. यंत्रांनीही या शिडीचा आकार बदलला. म्यूल या जुन्या कताई यंत्राला मुरलेला कारागीर लागे. रिंग फ्रेमवर नवखा माणूस लवकर तयार होई. जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलनं १८८० च्या दशकातच रिंगची कास धरली, आणि पुढे हेच यंत्र देशभर पसरलं. मालकाच्या हिशेबानं त्यात फायदाच होता. कामगाराच्या हिशेबानं मात्र शिकायला सोपं काम म्हणजे सहज बदलता येणारा माणूस.

दुसरी शिडी वेगळ्याच इमारतीत होती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आजची व्हीजेटीआय ती हीच. तिथे कापड उद्योगाचं शिक्षण मिळे आणि शिकलेला तरुण खात्याचा अधिकारी होण्याच्या वाटेला लागे. कामगाराची वाट जॉबरपाशी सहसा संपे. बाबिनी उचलण्यापासून सुरुवात केलेला माणूस मास्तर झाला, असं क्वचितच घडे. दोन शिड्या एकाच गिरणीला टेकलेल्या, पण एकीवरून दुसरीवर जायला फळी नाही.

जॉबर हे अजब पात्र होतं. साचा बिघडला की तो दुरुस्त करी, नवख्याला शिकवी, गैरहजर माणसाच्या जागी कोणाला उभं करायचं ते ठरवी, आणि या शेवटच्या अधिकारासाठी दस्तुरीही, म्हणजे कामगाराकडून पैसेही, घेई. सूत गुंडाळण्याच्या कांडी आणि रीळ खात्यांत बायकांवर नायकीण असे. तीही याच घडणीची. म्हणजे शिक्षक, परीक्षक आणि भरती अधिकारी एकच. त्याला निव्वळ खलनायक ठरवणं मला पटत नाही. गिरणीतलं बरंचसं प्रत्यक्ष शिक्षण त्याच्याच हातून झालं. पण पायरी चढायला हातातल्या कसबापेक्षा त्याची मर्जी जास्त लागे, हेही तितकंच खरं.

आणि काही पायऱ्या जन्मावरून बंद होत्या. साच्यावर कांडी संपली की नवी कांडी आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात बसवून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी दलित कामगारांना साचेखात्यात येऊ दिलं नाही. साचेखात्यातली कमाई कताईपेक्षा बरी होती, त्यामुळे हा विटाळ थेट पगाराला भिडत होता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांनाही त्याचा जाब विचारला. तोंडानं धागा ओढताना कापसाची धूळ आणि दुसऱ्याचा रोग पोटात जातो, ही खरी भीती होती. तिच्यापायी कोणी खातं बंद केलं नव्हतं.

त्याच संपात कौशल्याचा आणखी एक पेच होता. विणकरानं दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत आणि कताईवाल्यानं एकाऐवजी दोन बाजू, असा मालकांचा आग्रह होता. मालक याला कार्यक्षमता म्हणत. जास्त यंत्रं सांभाळू शकणं ही वरची पायरी की नुसतं वाढलेलं ओझं? कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ गिरण्या बंद ठेवल्या, मग सरकारनं नेमलेल्या फॉसेट समितीसमोर त्यावर वाद झाले. तीन साचे झाले तर तिसरा विणकर घरी बसणार, हे कळायला समितीची गरज नव्हती.

१९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर बोट ठेवलं आणि त्यासाठी वेगळा लेबर ऑफिसर नेमावा असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघानं बदलीची नवी पद्धत आणली: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची पकड ढिली झाली, संपली नाही. ‘बदली’ ही अवस्था मात्र आता कागदावर आली. भोंगा वाजला की दारापाशी उभं राहायचं, पाळीत जागा निघाली तर आत, नाहीतर घरी.

१९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानं गिरण्यांतल्या कामांची पगारश्रेणी प्रमाणित झाली. तळाशी २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये मूळ वेतन. एकाच कामाला या गिरणीत एक आणि शेजारच्या गिरणीत दुसराच पगार, हा प्रकार त्यानं आटोक्यात आला. कामाची किंमत ठरली, ते काम कुठून शिकायचं हे नाही. स्वातंत्र्यानंतर आयटीआय आल्या, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना प्रमाणपत्राची वाट मिळाली. साचेवाला अजूनही साच्याशेजारी उभा राहूनच शिकत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात वर्षानुवर्षं कायम होण्याची वाट पाहणारे बदली कामगार मोठ्या संख्येनं होते. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, काही गावी, काही पहारेकरी झाले किंवा भाजीची गाडी लावून बसले. हातातलं कसब होतं तसंच होतं, पण ते दाखवायला बदली कार्डापलीकडे कागद नव्हता.

डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट अधिसूचित केली. कौशल्याचे दहा स्तर ठरले. पुढे २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची सोय झाली. तोपर्यंत गिरणगावातले बहुतेक साचे भंगारात निघाले होते.