हायपरव्हायजरमधील अवैध मेमरी पत्त्यांची हाताळणी

व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे गेस्टची, एखादी सूचना प्रोसेसर अडवतो आणि हायपरव्हायजरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतो. त्या सूचनेतला मेमरी पत्ता अवैध निघाला तर हायपरव्हायजरने काय करायचे, याची ही पद्धत. अट एकच असते : खऱ्या प्रोसेसरवर जी चूक दिसली असती तीच, त्याच क्रमांकाची, गेस्टलाही दिसली पाहिजे. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाच्या ज्या अटी मांडल्या, त्यांतल्या समतुल्यतेचा हा व्यवहारातला अर्थ.

६४ बिटांच्या एक्स८६ प्रोसेसरवर चार पातळ्यांचे पेजिंग (तक्त्यांतून मेमरीतली जागा शोधण्याची पद्धत) असेल तर पत्त्याचे ४८ बिटच कामाचे असतात. ४७ ते ६३ क्रमांकांचे १७ बिट सगळे ० किंवा सगळे १ असले, तरच पत्ता ‘कॅनॉनिकल’ ठरतो. (पाच पातळ्यांच्या पेजिंगमध्ये कामाचे बिट ५७.) सांगलीत आयर्विन पुलाच्या एका काठाला शहर, दुसऱ्या काठाला सांगलीवाडी आणि मध्ये कृष्णेचे पात्र, कॅनॉनिकल नसलेला पत्ता म्हणजे पात्रातला घरक्रमांक. घर आहे पण कुलूप आहे, हा प्रकार निराळा. तो पेज फॉल्ट, क्रमांक १४. त्यात चुकलेला पत्ता सीआर२ रजिस्टरमध्ये मिळतो. पात्रातल्या पत्त्याला जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, क्रमांक १३, मिळतो आणि सीआर२ला हातही लागत नाही.

ही तपासणी प्रोसेसरच का करत नाही? कारण व्हीटी-एक्स या इंटेलच्या प्रोसेसरमधल्या आभासीकरणाच्या सोयीत (२००५) अडवणूक बहुतेक चुकांच्या आधी होते. सूचना ओळखता येते का आणि विशेषाधिकार पुरेसा आहे का, एवढे पाहून प्रोसेसर थेट ‘व्हीएम एक्झिट’ घेतो, म्हणजे गेस्ट सोडून हायपरव्हायजरकडे येतो. मेमरीतला पत्ता तेव्हा कोणी पाहिलेलाही नसतो. हायपरव्हायजरला फक्त सुटे भाग मिळतात : कोणता सेगमेंट, कोणते बेस आणि इंडेक्स रजिस्टर, किती पटीने गुणायचे, किती विस्थापन. बेरीज त्याने करायची, आणि चूकही त्यानेच शोधायची.

समजा, विश्रामबागेतल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने लॅपटॉपवरच्या व्हीएममध्ये आणखी एक व्हीएम चालवायचे ठरवले. पहिल्या व्हीएममधल्या गेस्टच्या कर्नलसाठी तिने मोड्यूल लिहिले, आरएएक्स रजिस्टरमध्ये पात्रातला पत्ता टाकला आणि व्हीएमपीटीआरएलडी ही आतल्या व्हीएमची नियंत्रण-नोंद निवडणारी सूचना चालवली. बाहेरच्या केव्हीएमने, म्हणजे लिनक्समधल्या हायपरव्हायजरने, तिला १३ क्रमांकाचा फॉल्ट द्यायला हवा. आता तोच आकडा आरबीपी रजिस्टरमध्ये ठेवला तर? आरबीपीचा मूळ सेगमेंट स्टॅकचा, म्हणून फॉल्ट १२ क्रमांकाचा, स्टॅक फॉल्ट. दोन्हींचा एरर कोड शून्य. हा एका आकड्याचा फरक विसरलेले हायपरव्हायजर वरवर नीट चालते. बिंग फुटते ते चाचणी संचातच.

खरी गंमत पुढे आहे. त्याच वाईट आकड्याला सूचनेगणिक वेगळा निकाल मिळतो. प्रोसेसरने साठवलेल्या पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसणाऱ्या तीन सूचना पाहा. आयएनव्हीएलपीजीला असा पत्ता दिला तर ती काहीच करत नाही, फॉल्टही नाही. आयएनव्हीपीसीआयडीच्या पहिल्या प्रकारात वर्णनपत्रातला (सूचनेला मेमरीतून दिलेल्या तपशिलातला) पत्ता तसा असेल तर फॉल्ट १३. आयएनव्हीव्हीपीआयडीच्या पहिल्या प्रकारात मात्र फॉल्ट नाही. सूचना ‘फेल’ होते आणि फ्लॅगमधून कळवते. व्हीएमपीटीआरएलडीने मेमरीतून वाचलेला भौतिक पत्ता ४ केबीच्या सीमेवर नसेल तर तेथेही फेल, फॉल्ट नव्हे. यामागे एक सूत्र शोधण्यात अर्थ नाही. इंटेलची पुस्तिका उघडी ठेवावी हे बरे.

पत्ता कॅनॉनिकल असूनही त्याच्यामागे मेमरीऐवजी एखादे उपकरण असू शकते. केव्हीएममध्ये २०१९ साली सापडलेली सुरक्षा त्रुटी, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-७२२२, नेमकी येथली. व्हीएमपीटीआरएलडीसारख्या सूचनेला उपकरणाचा पत्ता दिला की वाचन फसे, पण झालेल्या चुकीचा तपशील ठेवायची जागा कोणी भरलेलीच नसे. हाक मारणारा कोड तरीही डोळे झाकून पेज फॉल्ट पाठवी, आणि होस्टच्या, म्हणजे मूळ यंत्राच्या, कर्नलच्या स्टॅकवरचा जुना मजकूर गेस्टच्या सीआर२मध्ये जाई. पहिला उपाय तात्पुरता होता : ती जागा आधी शून्याने भरायची. म्हणजे गळती थांबली, पण गेस्टला खोटा पेज फॉल्ट मिळतच राहिला. पुढे २०२० मध्ये अशा वेळी फॉल्ट न पाठवता अनुकरण फसल्याचे क्यूईएमयूसारख्या वापरकर्ता-पातळीवरच्या प्रोग्रामला कळवण्याची सोय केव्हीएममध्ये आली.