स्टिकर तोच, पण पक्ष बदलला की आपला राग कुठे जातो?

२०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट, लोक गच्चीवर बसून बोटीची वाट बघत होते आणि त्याच आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर दोन गोष्टी फिरत होत्या. एक म्हणजे तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन बोटीतून हसत हात हलवतायत तो व्हिडिओ. दुसरी, इचलकरंजीकडे वाटायच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री फडणवीस आणि स्थानिक आमदार हाळवणकर यांचे फोटो असलेलं स्टिकर. मला प्रचंड चीड आली होती, अजूनही येते. पण ग्रुपवर काय चाललं होतं आठवून बघा. निम्मे भडकले आणि उरलेले निम्मे म्हणाले, "अहो निदान पोचले तरी, तुमचे साहेब कुठे होते?"

हे एका पक्षाचं नाही. २००८ मधे २६/११ नंतर विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले तेव्हा सोबत मुलगा रितेश आणि सिनेमावाले रामगोपाल वर्मा होते. २०१३ ला उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेल्या तेलुगू यात्रेकरूंना कोण घरी नेणार यावरून डेहराडूनच्या विमानतळावर काँग्रेस आणि तेलुगू देसमचे पुढारी एकमेकांच्या अंगावर गेले, कॅमेऱ्यासमोर. २०१५ ला चेन्नई बुडाली तेव्हा मदतीच्या पाकिटांवर जयललितांचे फोटो चिकटवल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी समर्थकांची उत्तरं तीच असतात, फक्त बोलणारी माणसं बाजू बदलतात.

आता आपला सगळ्यांचा लाडका समज असा की समोरच्याला अक्कल कमी आहे म्हणून त्याला दिसत नाही, नीट शिकलेल्या, आकडे कळणाऱ्या माणसाचं असं होणार नाही. याच समजाला धक्का देणारा एक प्रयोग आहे आणि तो मला इतका आवडतो की जरा सविस्तर सांगतो. कागद-पेन घ्या हवं तर.

अमेरिकेत येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ११०० लोक घेतले. आधी त्यांची आकडेमोडीची चाचणी झाली, म्हणजे टक्केवारी, शक्यता वगैरे किती कळतं ते. मग काहींना अंगावरच्या पुरळाच्या क्रीमचे आकडे दिले. क्रीम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. सांगा, क्रीम चांगलं की वाईट?

बहुतेकांची नजर आधी २२३ वर जाते आणि ते "चांगलं" म्हणून मोकळे होतात. पण दोन्ही गट सारख्या संख्येचे नाहीत, म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही, प्रमाण काढावं लागतं. २२३ भागिले ७५ म्हणजे साधारण ३, तर १०७ भागिले २१ म्हणजे साधारण ५. याचा अर्थ क्रीम न लावता एकाचं वाढलं तर पाचांचं बरं झालं आणि क्रीम लावून एकामागे तीनच. टक्क्यात बघायचं तर २९८ पैकी २२३ म्हणजे ७५ टक्के आणि १२८ पैकी १०७ म्हणजे जवळजवळ ८४ टक्के, म्हणजे या आकड्यांत तरी क्रीमने नुकसानच केलंय. निम्म्याहून जास्त लोक इथे चुकले, पण ज्यांची आकडेमोड पक्की होती त्यांना जास्त वेळा जमलं. इथवर सरळ आहे.

खरी गंमत पुढे आहे. आकडे हेच ठेवले आणि फक्त वरचं शीर्षक बदललं. क्रीमच्या जागी शहरात लपवून बंदूक बाळगायला बंदी आणि पुरळाच्या जागी गुन्हेगारी. काहींना आकड्यांवरून बंदीचा उपयोग होतो असं निघत होतं, काहींना रकान्यांची नावं उलटी लावून दिली त्यामुळे बंदीने गुन्हे वाढतात असं निघत होतं. अमेरिकेत हा विषय म्हणजे थेट डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन, पहिले साधारण बंदीच्या बाजूने आणि दुसरे विरोधात. आता पक्क्या आकडेमोडवाल्यांनाही बरोबर उत्तर जास्त करून तेव्हाच आलं जेव्हा ते आपल्या पक्षाला सोयीचं होतं. गैरसोयीचं असलं की त्यांची सगळी हुशारी फारशी कामाला आली नाही.

असं का होतं? पहिल्या नजरेचं उत्तर सोयीचं असलं तर माणूस तिथेच थांबतो, भागाकार करतच नाही. गैरसोयीचं असलं की मात्र तो कामाला लागतो, पुन्हा तपासतो, प्रमाण काढतो आणि चूक शोधून काढतो. म्हणजे विचार करायची ताकद सगळीकडे सारखी वापरली जात नाही, ती कधी वापरायची हे आपली बाजू ठरवते. स्टिकरचं हेच होतं. आपल्या नेत्याचं असलं की "कार्यकर्त्याने उत्साहात लावलं असेल" इथे चौकशी संपते, दुसऱ्याचं असलं की छपाईचा खर्च कुणी केला, किती दिवस आधी छापलं, तेवढ्या वेळात किती ट्रक निघाले असते, सगळे प्रश्न आपल्याला सुचतात. आणि ते प्रश्न योग्यच असतात, म्हणून तर आपल्याला आपण निःपक्ष वाटतो.

पुढे इतरांनी हा प्रयोग परत करून बघितला तेव्हा पक्षाकडे झुकणं दिसलं, पण "जितका हुशार तितका जास्त झुकतो" हा भाग दर वेळी दिसला नाही, तेव्हा तेवढं पक्कं धरू नका. आणि जाता जाता, "समर्थकांचा मेंदू बंद पडतो, स्कॅनमधे सिद्ध झालं" असल्या रंगीत चित्रांच्या पोस्ट कृपा करून पुढे पाठवू नका. अशा गाजलेल्या एका अभ्यासात २००४ च्या अमेरिकन निवडणुकीवेळचे जेमतेम ३० पुरुष होते आणि त्यात दोन्ही पक्षांचे समर्थक सारखेच अडकले होते. मेंदू बंदबिंद काही पडत नाही, उलट सबबी शोधायला तो चांगलाच राबतो.

यावर उपाय आहे का? थोडा आहे. १९८४ मधे लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या मानसशास्त्रज्ञांनी फाशीच्या शिक्षेवरचे अभ्यास लोकांना वाचायला दिले. एका गटाला सांगितलं की निःपक्षपणे न्यायाधीशासारखा विचार करा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं की प्रत्येक पायरीवर विचारा, याच अभ्यासातून उलटा निकाल आला असता तर मी तो इतकाच चांगला किंवा वाईट म्हटला असता का? या गटाचा कल बराच कमी झाला. म्हणून स्टिकरचा फोटो आला की पक्ष बदलून बघायचा आणि तो टाइप करायच्या आधी बघायचा, कारण एकदा ग्रुपवर बाजू घेतली की मग आपण ती राखतच बसतो.

आता नेते हे का करतात ते. कारण त्याची मतं मिळतात. २००२ च्या ऑगस्टमधे जर्मनीत एल्बे नदीला महापूर आला, चान्सलर श्रोडर रबरी बूट घालून पोचले, मदतीचा पैसाही खरंच मोठा दिला आणि महिन्याभराने निवडणूक. बेश्टेल आणि हाइनम्युलर या अभ्यासकांच्या हिशोबाने पूरग्रस्त भागात त्यांच्या पक्षाची मतं सुमारे ७ टक्के-बिंदूंनी वाढली आणि त्यातला पाव भाग २००५ पर्यंत टिकला. अमेरिकेत हीली आणि मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८८ ते २००४ च्या निवडणुका तपासल्या, तर मतदार आपत्तीनंतरच्या मदतीचं बक्षीस देतात, आधीच्या तयारीचं देत नाहीत, आणि त्यांचा अंदाज असा की तयारीवरचा १ डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो.

आपल्याकडे तयारी म्हणजे निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत बांधकामाला परवानगी न देणं, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून पाणी सोडण्याबद्दल कर्नाटकशी आधीच बोलून ठेवणं, नदीकाठच्या गावात धड बोटी आणि लाइफ जॅकेट असणं. २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमधे बोट उलटून माणसं गेली, त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. नंतर या पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती बसली, २०२० मधे अहवाल आला आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी पुन्हा सांगलीत शिरलं. त्या अहवालातलं काय झालं आणि काय राहिलं हे तुमच्या आमदाराला विचारा, तुम्ही ज्यांना मत दिलंत त्यांनाच आधी विचारा.